लॅपटॉप कुणाची वाट बघतोय?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. मायक्रोसॉफ्टमधल्या डेव्ह प्लमर यांनी लिहिलेला हा छोटा प्रोग्राम १९९६ सालच्या विंडोज एनटी ४ पासून आपल्या सोबतीला आहे. बहुतेक घरांत मात्र तो हँग झालेलं काहीतरी बंद करण्यापुरताच उघडला जातो. एकदा लॅपटॉप रेंगाळत असताना तो नुसता उघडा ठेवा आणि काहीही बंद न करता बघत बसा. वरच्या ओळीत चार आकडे दिसतील: सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क. २०१७-१८च्या सुमाराला घेतलेला, चार जीबी रॅम आणि एक टीबी हार्डडिस्कचा लॅपटॉप असेल, तर सकाळी सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं चित्र साधारण असं असतं: सीपीयू ९ टक्के, डिस्क १०० टक्के. ही डिस्क माल किती हलवतेय म्हणून खाली पाहावं, तर सेकंदाला जेमतेम एक एमबी.

हे तिन्ही आकडे एकत्र वाचले की गंमत कळते. ज्याला आपण कंप्युटरचा मेंदू म्हणतो तो जवळजवळ रिकामा बसलाय. डिस्क घायकुतीला आलीय, पण सेकंदाभरात तिच्याकडून मोबाईलवर काढलेला एक फोटोही धड वाचून होत नाहीय. मग ‘स्लो झालाय’ म्हणतो ते नेमकं कोण?

प्रोसेसर तर नक्कीच नाही. सिलिकॉनला कंबरदुखी होत नाही. घेतल्या दिवशी तो सेकंदाला जितक्या टिकटिकी करत होता तितक्याच आजही करू शकतो. लॅपटॉप म्हातारा झालाय हे आपलं माणसांवरून काढलेलं अनुमान आहे. तो वाट बघत उभा आहे, आणि कुणाची ते शोधून काढलं की निम्मी दुरुस्ती झाली.

तीन गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सेकंदाला तीन अब्ज टिकटिकी करतो. एका टिकटिकीच्या अवधीत प्रकाशसुद्धा फक्त दहा सेंटिमीटर जातो, म्हणजे कीबोर्डाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचत नाही. इतक्या बारीक वेळाची कल्पनाच आपल्याला करता येत नाही, म्हणून घड्याळ ताणून पाहू. एक टिकटिक म्हणजे एक सेकंद असं धरा. प्रोसेसरला हवी असलेली गोष्ट त्याच्या पोटातल्या कॅश मेमरीत असेल तर चार-पाच सेकंदांत मिळते. तीच रॅममधून आणायची तर पाचेक मिनिटं जातात, तेवढ्यात चहाला आधण येतं. एसएसडीमधून मागवली तर साडेतीन दिवस, टपालाने यावी तशी. आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कमधून मागवली, तर यंदाच्या गणपतीत मागितलेली वस्तू पुढच्या वर्षीचे गणपती येऊन गेले तरी हातात पडलेली नसते.

हा अलंकार नाही, साधा गुणाकार आहे. हार्डडिस्कला एखादी गोष्ट शोधून द्यायला बारा-पंधरा मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात तीन गिगाहर्ट्‌झच्या साडेतीन ते साडेचार कोटी टिकटिकी होतात, आणि वर्षाचे सेकंद भरतात सव्वातीन कोटींच्या आतच. लॅपटॉप सुरू होताना अशा हजारो छोट्या मागण्या एकामागून एक जातात. प्रत्येकीपाशी प्रोसेसरची सव्वा-दीड वर्षं. सीपीयू ९ टक्के का, याचं उत्तर इथे आहे.

हार्डडिस्कला इतका वेळ का लागतो ते पाहायला तिचं झाकण मनातल्या मनात उघडू (खरोखर उघडलीत तर धुळीच्या एका कणाने तिचा निकाल लागेल). आत आरशासारखी चकचकीत तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या मारतेय, म्हणजे सेकंदाला ९०. तबकडीची कड ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने पळते आणि तिच्यावरून, काही नॅनोमीटरच्या उंचीवरून, वाचणारा काटा तरंगत असतो. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास, यावरून अंतर किती ते कळेल. फाईल हवी असली की हा काटा आधी योग्य वर्तुळावर सरकतो, मग हवा तो तुकडा फिरत फिरत खाली येईपर्यंत थांबतो. एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे सरासरी अर्धी फेरी म्हणजे साडेपाच मिलिसेकंद नुसतं थांबण्यात जातात. कितीही हुशार प्रोग्राम लिहिला तरी तबकडीला घाई करता येत नाही.

म्हणूनच सेकंदाला एक एमबी. सलग रचलेला सिनेमा वाचायचा असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबी सहज देते, कारण काटा एकदा जागेवर बसला की पुढचं सगळं आपोआप खालून जातं. पण इकडचे चार केबी, तिकडचे चार केबी अशी वेचणी करायला लावली तर सेकंदाला सत्तर-ऐंशी फेरफटके, म्हणजे तीनशे केबीच्या आसपास माल; मधूनच थोडे मोठे तुकडे आले की तो एक एमबीपर्यंत पोचतो. टास्क मॅनेजरमधले १०० टक्के हे मालाचे नसून वेळेचे आहेत. डिस्कला श्वास घ्यायला क्षण उरलेला नाही, एवढाच त्यांचा अर्थ.

इतकं नाजूक यंत्र आपण वर्षानुवर्षं मांडीवर घेऊन बसलो, याचंच खरं तर नवल. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेग यांनी डेटा सेंटरमधल्या डिस्कच्या रांगेसमोर उभं राहून जोरात आरडाओरडा केला आणि त्या क्षणी डिस्क मंदावल्याचं आलेखावर दाखवलं. आवाजाच्या कंपनाने काटा वर्तुळावरून हलत होता. त्याहून भारी गोष्ट मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २०२२ साली सांगितली. विंडोज एक्सपीच्या काळात एका लॅपटॉप कंपनीच्या लक्षात आलं की जॅनेट जॅक्सनच्या ‘रिदम नेशन’ या गाण्याचा व्हिडिओ लावला की काही लॅपटॉप बंद पडतात, आणि शेजारी ठेवलेला, गाणं न वाजवणारा लॅपटॉपही पडतो. त्या गाण्यातला एक स्वर ५४०० फेऱ्यांच्या विशिष्ट डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता. कंपनीने उपाय म्हणून लॅपटॉपच्या आवाजातून ती कंपनसंख्याच गाळून टाकली. सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षा-त्रुटींची जी अधिकृत जागतिक यादी असते, तिच्यात या गाण्याची रीतसर नोंद आहे.

आता मेमरीचा आकडा. विंडोज १० आणि अँटीव्हायरस मिळून चार जीबीतली निम्म्याच्या आसपास जागा कुणी काही उघडण्याआधीच अडवतात. चार जीबी हा आकडा तसा लहान नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची मेमरी ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे दहा केबी होती. आजच्या चार जीबीत असे चार लाखांहून अधिक टिफ्रॅक मावतील. आणि तेवढ्यात आपलं जीमेल, यूट्यूब आणि मुलाच्या शाळेचं पोर्टल एकत्र मावत नाही.

मावत नाही तेव्हा काय होतं, हा या सगळ्यातला सर्वांत देखणा भाग. इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली अ‍ॅटलस नावाचा संगणक कामाला लागला. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक थाप रचली होती. मेमरी थोडी, पण प्रत्येक प्रोग्रामला ती भरपूर आहे असं भासवायचं. जे पान सध्या लागत नाही ते गुपचूप फिरत्या ड्रमवर नेऊन ठेवायचं आणि मागितलं की परत आणायचं. प्रोग्रामला पत्ताच लागत नाही. आपला लॅपटॉप आजही हीच थाप मारतो, चार-चार केबींच्या पानांनी. सी ड्राइव्हवर लपलेली पेजफाईल नावाची जी धिप्पाड फाईल असते ती त्या ड्रमची वारसदार. सी ड्राइव्ह लाल होईपर्यंत भरू नये म्हणतात ते यासाठीही: थाप मारायलाही जागा लागते.

थाप पचते तोवर पचते. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी दाखवून दिलं की मेमरी अपुरी पडायला लागली की संगणक हळूहळू मंदावत नाही. एका टप्प्यापर्यंत तो छान चालतो आणि तो टप्पा ओलांडला की एकदम कोसळतो, कारण एक पान आत आणायला दुसरं बाहेर काढावं लागतं आणि पुढच्याच क्षणी ते बाहेर काढलेलं पान हवं असतं. सगळा वेळ ने-आण करण्यात जातो, काम शून्य. बारा टॅब बिनबोभाट चालत असताना तेराव्या टॅबने लॅपटॉप गारद कसा होतो, हे कोडं ज्यांना पडलंय त्यांनी डेनिंग यांचे आभार मानावेत. तेराव्या टॅबचा दोष तेवढाच जेवढा पहिल्याचा.

तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’ या शब्दावर क्लिक करा, खादाड सगळे वर येतील. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं तर ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब किती गिळतोय ते नावानिशी कळतं. एखादी साधी दिसणारी बातमीची वेबसाइट तीनशे-चारशे एमबी घेऊन बसलेली पाहिली की जाहिरातींबद्दलचं मत कायमचं बदलतं.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’ नावाच्या टॅबमध्येही डोकवा. इन्स्टॉल केलेला प्रत्येक प्रोग्राम स्वतःला घरातला कर्ता समजतो आणि लॅपटॉप उघडताच हजर होतो. व्हिडिओ मीटिंगची अ‍ॅप्स, गाण्यांचं अ‍ॅप, कधीकाळी विकून टाकलेल्या प्रिंटरचा मदतनीस. हे सगळे ‘डिसेबल’ करा. त्याने ते उडत नाहीत, फक्त बोलावल्याशिवाय येत नाहीत. टचपॅड, आवाज आणि अँटीव्हायरस यांना हात लावू नका. अँटीव्हायरस मात्र एकच हवा. लॅपटॉपसोबत फुकट आलेला, मुदत संपलेला आणि दर तासाला पैसे मागणारा दुसरा कुणी असेल तर त्याला काढून टाका. घरच्या वापराला विंडोजचा डिफेंडर पुरतो.

‘फॉरमॅट मारून घ्या’ या आपल्याकडच्या राष्ट्रीय उपायाचं रहस्य हेच आहे. फॉरमॅटनंतर लॅपटॉप पळतो, कारण आगंतुक गेलेले असतात. सहा महिन्यांत ते परत येतात, आणि तबकडी तर तेव्हाही मिनिटाला ५४००च फेऱ्या मारत असते.

त्या तबकडीवर खरा उतारा एसएसडी. आठ-दहा वर्षांच्या लॅपटॉपवर एकदाच काय तो खर्च करायचा असेल तर मी रॅमच्याही आधी इथे करीन. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी हार्डडिस्कच्याच जागी, त्याच जोडणीवर बसते. चार स्क्रूंचं काम आहे. आत काय असतं ते ऐकलं तर त्या प्लास्टिकच्या चपट्या डबीकडे बघण्याची नजर बदलेल. तिथे फिरणारं काहीच नाही. अब्जावधी सूक्ष्म कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेत, चहूबाजूंनी विद्युतरोधक थर लावून. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून वीज गेली तरी ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. मग आत गेले कसे? भिंतीतून. काही नॅनोमीटर जाडीच्या थरावर पुरेसा विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन पलीकडे प्रकट होतात. पुंजभौतिकीत याला टनेलिंग म्हणतात, आणि आपल्या रोजच्या अनुभवात त्याला तोड नाही. १९६७ साली बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन झी यांनी असा कोंडवाडा सुचवला. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात त्यातून फ्लॅश मेमरी घडवली. ‘फ्लॅश’ हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने दिलं, कारण सगळे कप्पे एका फटक्यात पुसले जाणं त्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं. कांदेपोह्यांच्या पाककृतीचा व्हिडिओ शोधताना आपण हे सगळं वापरतो.

बदलण्याआधी मात्र डेटा दुसरीकडे काढून ठेवा आणि ते काम दुकानदारावर सोडू नका. दुकानात विचारा, ‘क्लोन करून देणार की नवी विंडोज टाकणार?’ क्लोन म्हणजे जुनं सगळं जसंच्या तसं. नवी विंडोज म्हणजे पाटी कोरी. जुन्या डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा आवाज येत असेल तर थांबायला वेळ नाही. तिथे काटा खराब झालेली जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतोय आणि तेच मंद होण्याचं कारण असू शकतं. अशा वेळी आधी फोटो वाचवा, वेगाचं नंतर.

खर्चाआधी एक फुकटची तपासणी. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात सीपीयूखाली ‘अप टाइम’ लिहिलेला असतो. रोज रात्री इमानेइतबारे शट डाउन करणाऱ्या माणसाला तिथे एकवीस दिवस असा आकडा दिसतो आणि तो चक्रावतो. २०१२ सालच्या विंडोज ८पासून शट डाउन हे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. विंडोज आपला गाभा डिस्कवर उतरवून ठेवते आणि सकाळी तोच उचलते, लवकर सुरू झाल्यासारखं दिसावं म्हणून. त्यामुळे तीन आठवड्यांचा गाळ तसाच राहतो. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखर सगळं मिटवून पहिल्यापासून सुरू करतं. नावं पाहता उलट वाटेल, पण आठवड्यातून एकदा रीस्टार्टच करावं.

आणखी एक प्रकार असतो. डिस्क शांत, मेमरी रिकामी, तरी लॅपटॉप रडतोय. तेव्हा त्याच पानावरचा ‘स्पीड’ पाहा. अडीच गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर एक गिगाहर्ट्‌झच्याही खाली रांगत असेल तर तो स्वतःला वाचवतोय. चिप शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की ती आपणहून वेग कमी करते. चिपमधली उष्णता बाहेर जाण्याचं प्रमाण ढोबळमानाने चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. महाबळेश्वरला २५ अंशांत हा फरक ७५ अंशांचा, तर मे महिन्यात ४५ अंशांच्या चंद्रपुरात ५५चा. पंखा तोच, चिप तीच, पण उष्णता फेकण्याची ताकद पावपटीहून अधिक घटली. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची हवेची वाट बंद. ज्याला उन्हाळ्यात व्हायरस आल्याची शंका येते त्याने आधी लॅपटॉप पाटावर ठेवून पाहावा.

तरीही तापत असेल तर पंखा उघडावा लागतो. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत करड्या रंगाची एक घडी बसलेली सापडते. पांघरुणाचे तंतू, केस आणि उदबत्तीचा धूर मिळून ती इतकी घट्ट झालेली असते की चिमट्याने अख्खी उचलता येते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने धरून ठेवा. हवेच्या झोताने तो भलत्याच वेगाने फिरला तर बिघडतो. चिपवरचं वाळलेलं थर्मल पेस्ट बदलायला मात्र सरावाचा हात बरा.

स्पीड कायमच तळाला असेल आणि लॅपटॉप गारही असेल, तर चार्जर बघा. हरवलेल्या चार्जरच्या जागी कमी वॅटचा कुठलातरी आणला असेल, तर काही लॅपटॉप मुकाट्याने वेग पाडून चालतात आणि स्क्रीनवर धड सूचनाही देत नाहीत. टचपॅड वर उचलल्यासारखं वाटत असेल तर खालची बॅटरी फुगलीय. मग वेगाचा विचार सोडून लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी बदलूनच पुन्हा सुरू करा.

‘पीसी बूस्टर’, ‘रॅम क्लीनर’, ‘रजिस्ट्री साफ’ या नावांनी येणारं काहीही घेऊ नका. रॅम रिकामी करून दाखवणारा प्रोग्राम प्रत्यक्षात पानं डिस्कवर ढकलतो, आणि डिस्कवरून ती परत आणायला किती वेळ लागतो याचा हिशोब आपण वर केलाच आहे.

एवढं सगळं करूनही काही गोष्टी आपल्या हातात नाहीत. निकलाउस विर्थ यांनी १९९५ सालीच तक्रार केली होती की यंत्रं ज्या गतीने वेगवान होतात त्याहून जास्त गतीने सॉफ्टवेअर सुस्तावतं. वेबसाइट जड होत जातात. काही सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच डाग देऊन जोडलेली असते, ती वाढत नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि जुन्या प्रोसेसरना विंडोज ११ दारात उभं करत नाही. अशा लॅपटॉपसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घ्या आणि आधी काहीही न बसवता तिथूनच चालवून बघा. वायफाय लागतंय का, प्रिंटर ओळखतोय का, मराठी टाइप होतंय का, हे अर्ध्या तासात कळतं. टॅली किंवा एक्सेलवर घरचा धंदा चालत असेल तर मात्र हा मार्ग तुमचा नाही. ती लिनक्सवर थेट बसत नाहीत.